सूर्य काढायचा नाही!

अमेरिकेतल्या घरांना बेसमेंट असतं आणि त्यात माणूस नको ते साठवत जातो. टीव्हीचा रिकामा खोका, मुलाचे लहान झालेले स्नो बूट, कुठल्याशा गणपतीत वापरलेलं थर्माकोलचं मखर. माझ्या डोक्याचंही तसंच आहे. तिथे सगळे चिडण्याचे किस्से साठलेत, एवढाच काय तो फरक. माझा नवरा संजय म्हणतो, "वैशाली, एकदा गराज सेल लाव आणि मोकळी हो!"

लावलाच म्हणून समजा.

हे किस्से आगाशेकाकांच्या चित्रांच्या वर्गाचे. दोन हजार दोन साली संजयच्या प्रोजेक्टपायी मी पुण्याहून शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आले. व्हिसाची गंमत अशी, की संजयला कामाची परवानगी आणि मला स्वयंपाकाची. माझ्यासारख्या आणखी चार जणी होत्या. आम्हा पाचही जणींना काकांनी पदरात घेतलं.

काका म्हणजे रिटायर झालेले भूलतज्ज्ञ. तरुणपणी, अमेरिकेत येण्याआधी, ते चार-पाच वर्षं मेलबर्नच्या एका हॉस्पिटलात होते. तिथल्या म्युझियममध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियन इम्प्रेशनिस्टांची निसर्गचित्रं पाहिली आणि गृहस्थ कामातून गेला! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही तरुण चित्रकार मेलबर्नबाहेर रानात तंबू ठोकून राहिले आणि समोर दिसलं ते रंगवलं. वाळलेलं गवत, धुळीचा रस्ता, डोळे दिपवणारं ऊन. त्यांच्या आधी इंग्लंडहून आलेले चित्रकार तिथल्या झाडांचीसुद्धा इंग्लंडची झाडं करून टाकायचे. हिरवीगार, ओलीचिंब.

"ह्या पोरांनी पहिल्यांदा समोर बघितलं," काका नेहमी म्हणायचे.

त्यांच्या बायकोनं, आशाकाकूंनी, हे तीस वर्षं ऐकलं होतं. "आता ते दुसऱ्या कुणाला तरी सांगा," असं त्यांनी काकांना बजावलं आणि आमचा वर्ग सुरू झाला.

*

पहिला दिवस. गावाबाहेर प्रेअरीचं राखीव रान आहे, तिथे काकांनी आम्हाला नेलं. सप्टेंबर होता. कमरेइतकं सोनेरी गवत, वर आभाळ, मधे एक रेघ. इलिनॉय पोळपाटासारखं सपाट आहे, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

काका म्हणाले, "समोर दिसतंय ते काढा. तासाभरात." आणि स्वतःही आमच्यात बसून रंगवू लागले.

आम्ही काय कमी? सगळ्या जणी शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा पास झालेल्या. नागपूरच्या रश्मीला तर ए ग्रेड! तासाभरानं पाची चित्रं गवतावर मांडली.

पाचही चित्रांत दोन तिकोनी डोंगर होते. त्यांच्या मधोमध उगवता सूर्य होता. रश्मीच्या चित्रात वरून नदी आणि माडाचं झाड.

काकांनी चित्रांकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. मग पुन्हा चित्रांकडे.

"डोंगर कुठंयत?"

"काका, निसर्गचित्र आहे ना?" मी विचारलं. "डोंगर नसतील तर निसर्ग कसला?"

हे मी विचारलं. मीच. नाकबूल करत नाही.

काकांनी शांतपणे स्वतःचं चित्र पुढे केलं. जेमतेम वीतभर लांबीची लाकडी फळी. त्यावर गवत, आभाळ आणि काही झुडपांच्या डावीकडे पडलेल्या लांब निळ्या सावल्या. बास. सूर्य कुठेच नव्हता, पण बघताना आम्ही पाची जणींनी डोळे बारीक केले होते!

"आजपासून नियम एकच," काका म्हणाले. "सूर्य काढायचा नाही. उजेड काढायचा."

हा नियम पाच वर्षं टिकला. आमच्यापुरता.

*

ते ऑस्ट्रेलियन चित्रकार म्हणे सिगारच्या खोक्यांच्या झाकणांवर चित्रं काढायचे. नऊ इंच बाय पाच इंच. झाकण छोटं, त्यामुळे उजेड बदलायच्या आत चित्र पुरं होतं, अशी त्यातली युक्ती. काकांची पहिल्या दिवसाची फळीही असलंच झाकण, आणि पुढेही त्यांना झाकणंच हवी होती. कॅनव्हास चालत नव्हता, दुकानात मिळणारी तयार फळी चालत नव्हती. "सिगारच्या लाकडाचा रंग खालून डोकावला पाहिजे!"

त्यामुळे एका सकाळी आम्ही पाच जणी मिनीव्हॅन घेऊन तंबाखूच्या दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. त्यानं रिकामी खोकी काढून दिली आणि दारापर्यंत आणूनही दिली. आम्ही हातात खोकी घेऊन बाहेर पडलो, तर समोरच्या सिग्नलला आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या नलूमावशींची गाडी उभी!

मावशींनी हात केला. मीही केला. हातात खोकं होतंच.

तिथून आमचं घर पंधरा मिनिटांवर. मी दार उघडते तोवर फोन वाजत होता. पुण्याहून सासूबाई.

"वैशाली, तू सिगार ओढतेस?"

पंधरा मिनिटं! इथली बर्फ काढणारी गाडी तीन-तीन दिवस येत नाही आणि ही बातमी पंधरा मिनिटांत सदाशिव पेठेत! मी तावातावानं सगळं समजावलं. चित्रकार, मेलबर्न, झाकणं, उजेड. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण ओढलीस तर खोकला होईल हो. संजयला नको देऊस."

*

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये काकांनी मंडळात स्लाइड शो ठरवला. ऑस्ट्रेलियन निसर्गचित्रांवर दीड तास. मेलबर्नला असताना जमवलेल्या स्लाइड्स, जुना गोल ट्रेचा प्रोजेक्टर, सगळं जय्यत. तारीख दोन महिने आधी ठरलेली. हॉलही मिळाला.

आणि त्याच्या आदल्या रविवारी भारत वर्ल्ड कपची फायनल हरला. कुणाकडून? ऑस्ट्रेलियाकडून!

हॉलमध्ये ऐंशी खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही पाच जणी, आमचे पाच ओढून आणलेले नवरे, आशाकाकू आणि मंडळाचा सांस्कृतिक सेक्रेटरी पराग एवढेच आलो. परागला हॉलला कुलूप लावायचं होतं म्हणून तो आला होता.

मी फोन करकरून दमले होते. एका गृहस्थानं तर मलाच झापलं. "वहिनी, ज्यांनी आपल्याला धुतलं त्यांची चित्रं बघायची? काही स्वाभिमान आहे की नाही?"

अहो, ती चित्रं काढली तेव्हा तुमचे पणजोबा गोट्या खेळत असतील! त्या चित्रकारांनी तुमच्या टीमची विकेट घेतली का? पण सांगणार कुणाला.

काकांनी मात्र ऐंशी माणसं असल्यासारखं दीड तास सांगितलं. त्यातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. त्या चित्रकारांनी झाकणांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा तिथल्या एका टीकाकारानं पेपरात त्यांच्यावर तोंडसुख घेतलं होतं. पोरांनी काय करावं? ती टीका कापून प्रदर्शनाच्या दारावरच लावली! मग ती वाचायला माणसं आली आणि आली तशी आतही गेली.

"मला हे फार आवडतं," काका म्हणाले. "रागवायचं, पण दारावर लावायचं."

त्या दिवशी घरी आल्यावर मी एक वही केली. पहिल्या पानावर त्या स्वाभिमानी गृहस्थांचं वाक्य लिहिलं.

*

पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, आम्ही एका नव्या कॉलनीच्या कडेला बसलो होतो. एका बाजूला ओळीनं घरं, हिरवी लॉनं, फिरते फवारे. दुसऱ्या बाजूला पडीक शेत, उन्हानं वाळून पार पापडासारखं झालेलं. आमचे ईझल, म्हणजे चित्राच्या तिपाया, शेताकडे तोंड करून मांडलेले.

अर्ध्या तासात पोलिसांची गाडी आली. एका घरातल्या बाईंनी फोन केला होता. संशयास्पद माणसं तिपायांवर काहीतरी लावून आमच्या घराकडे बघतायत!

ते दिवसच तसे होते, नाइन-इलेव्हननंतरचे. आपला रंग आणि तिपाई एकत्र दिसली, की लोकांच्या छातीत धडधडायचं. रश्मीचा तर चेहरा पांढरा पडला. "काहून आलो न बाप्पा आपण इथं," असं ती पुटपुटत राहिली. मला मात्र भीतीपेक्षा संताप आला. सत्तरीचा डॉक्टर आणि डबे घेऊन आलेल्या पाच बायका! आमच्या डब्यात थालीपीठ होतं!

पोलीस सभ्य होता. त्यानं सगळे ईझल पाहिले आणि काकांच्या झाकणाशी थांबला.

"सर, गवत पिवळं का काढलंय? गवत हिरवं असतं."

"ऑफिसर," काका म्हणाले, "खाली बघा."

त्यानं खाली बघितलं. त्याचे बूट घोट्यापर्यंत पिवळ्या गवतात होते. बराच वेळ तो बुटांकडेच बघत राहिला.

"कितीतरी वर्षं ह्या रस्त्यावर गस्त घालतोय मी," तो म्हणाला, आणि टोपीला हात लावून गेला.

पण खरे चिडले ते काका, आणि तेही गाडीत बसल्यावर. "त्या बाईच्या घराकडे आपण बघत होतो? पाठ करून बसलो होतो पाठ! ते घर चित्रात घ्यावं असं आहे, असं तिला वाटलंच कसं?"

*

आता पराग. हाच तो, कुलूप लावायला आलेला.

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या कव्हरसाठी त्यानं काकांकडे चित्र मागितलं. काकांना कोण आनंद झाला! त्यांनी पहिल्या दिवसाचं झाकण दिलं. तेच, गवत आणि डावीकडे पडलेल्या निळ्या सावल्या. ते त्यांचं सगळ्यात लाडकं. देताना त्यांनी आम्हाला बोलावून चहा पाजला.

अंक आला. मी पाकीट फोडलं आणि किंचाळले. संजय वरच्या मजल्यावरून धावत खाली आला.

चित्रात दोन डोंगर होते! आणि डोंगरांच्या डावीकडे किरणांसकट पिवळाजर्द सूर्य!

मी तडक परागला फोन लावला.

"अगं, चित्र मस्तच होतं यार," तो म्हणाला. "पण जरा रिकामं वाटत होतं. म्हणून फोटोशॉपमध्ये डोंगर आणि सूर्य टाकला. काय, फेस्टिव्ह वाटतंय ना?"

"तू डॉक्टरांच्या चित्रात सूर्य टाकलास? त्यांना न विचारता?"

"त्यात काय विचारायचं? काढून तर नाही ना टाकलं काही? उलट ॲडच केलं!"

ह्यावर माणसानं काय बोलावं? उद्या ह्याच्या लग्नाच्या फोटोत मी आणखी एक नवरी ॲड करते, म्हणावं फेस्टिव्ह वाटतंय का! हे मी त्याला म्हटलंसुद्धा. ते ऐकून त्याची बायको मंजिरी माझ्याशी वर्षभर बोलत नव्हती.

काका रागावले नाहीत. त्यांनी अंक हातात धरून नीट पाहिला. मग एवढंच म्हणाले, "त्याला विचार, सूर्य डावीकडे आहे तर सावल्याही डावीकडेच कशा पडल्या?"

मी विचारलं. पराग म्हणाला, "एवढं कोण बघतं?"

गेलं वहीत.

*

दोन हजार सातच्या उन्हाळ्याच्या सुमाराला काका एकाएकी रंग चुकायला लागले. पिवळ्याच्या जागी केशरी, आभाळात भलताच डाग. आम्ही एकमेकींकडे बघायचो, पण विचारायला जीभ रेटत नव्हती. शेवटी त्यांनीच सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग चालला होता. उजवा जवळजवळ गेलेला, डावा त्याच वाटेवर.

"कडेचं दिसतं," ते म्हणाले. "मधलं जातं. तुझ्याकडे बघायचं तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं."

स्वतः डॉक्टर, त्यामुळे त्यांना कुणी खोटा धीरही देऊ शकत नव्हतं. मला ह्या प्रकाराचा इतका राग आला, की तो कुणावर काढावा ते कळेना. ज्या माणसानं आम्हाला समोरचं बघायला शिकवलं, त्याच्याच समोरचं जावं?

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आमच्याकडे काही मागितलं.

"चाळीस झाकणं आहेत माझी. कधी एकत्र लागली नाहीत. एकदा सगळी एका भिंतीवर बघायचीयत मला. दिसतंय तोवर."

गावच्या लायब्ररीतली एक खोली फेब्रुवारीत दोन दिवस मिळाली. मी काकांच्या घरात लावलेली चार सोडून बाकीची सगळी झाकणं एकेक करून टिश्यू पेपरमध्ये गुंडाळली, वर लाल रिबीन बांधली आणि खोक्यात भरून काकांच्या गराजमधल्या फळीवर ठेवली. खोक्यावर नाव घालायला मार्कर सापडेना. म्हटलं, उद्या घालू.

*

तो उद्या आला नाही. आला तो मंडळाचा संक्रांतीचा हळदीकुंकू समारंभ.

वाणात द्यायला आशाकाकूंनी बांबूचे छोटे ट्रे मागवले होते. तेही खोक्यात, त्याच गराजमध्ये, त्याच फळीवर. शनिवारी सकाळी मंजिरी ते न्यायला आली. काकू बाहेर होत्या. त्यांनी फोनवर सांगितलं, "गराज उघडं आहे, फळीवर खोका आहे, घेऊन जा."

दोन खोकी होती. मंजिरीनं एक नेलं.

बर्फामुळे मी हॉलवर उशिरा पोचले. दारातच मंजिरीनं मला हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि हातात वाण ठेवलं. टिश्यू पेपर. लाल रिबीन. माझीच गाठ!

मी ते तिथेच फाडलं. आतून प्रेअरी निघाली.

"हॅण्डपेंटेड ट्रे आहेत," मंजिरी कौतुकानं म्हणाली. "छान आहेत, पण कड नाही गं. चहा सांडेल."

माझा आवाज हॉलच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण लेझीम थांबलं. मी सांगितलं, ही काकांची चित्रं आहेत, आत्ताच्या आत्ता सगळी परत द्या! मंजिरीचा चेहरा उतरला. ती बिचारी रडायलाच आली. पण अर्ध्या बायका वाण घेऊन घरी गेल्या होत्या, आणि उरलेल्यांनी पर्स छातीशी धरल्या.

नलूमावशींनी निकाल दिला. "लुटलेलं वाण परत मागत नाहीत, वैशाली. सवाष्णीच्या हातात पडलं की ते तिचं. वर्षभर अडचणी येतील सगळ्यांना."

अडचणी! ज्यांनी काकांच्या डोळ्यांची एक दिवस चौकशी केली नाही, त्यांना वाणाचे नियम पाठ!

पुढचे चार दिवस मी फोनवर होते. एकीनं झाकण गळक्या कुंडीखाली ठेवलं होतं. एकीनं त्यावर लसूण चिरला होता. एका घरी आठ वर्षांच्या मुलीनं फोन उचलला. "आँटी, आय टुक इट फॉर शो अँड टेल. आय टोल्ड देम इट्स मार्स." आणि एक झाकण तर पुढे नणंदेला वाण म्हणून टेक्ससला, अर्विंगला रवाना झालं होतं!

सगळ्यांनी हळहळ केली. परत देते असं एकीनंही म्हटलं नाही. आणि मंजिरी फोनच उचलेना.

मी काकांसमोर जाऊन बसले. रडले, भांडले, नलूमावशींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. म्हटलं, लायब्ररीची खोली कॅन्सल करते.

काका माझ्या कानाकडे बघत होते. "परत मागू नकोस," ते म्हणाले. "बोलाव त्यांना."

*

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. आमच्या लायब्ररीच्या दोन दिवसांतला शनिवार नेमका रथसप्तमीच्या आधी येत होता. मी सगळ्यांना आमंत्रण केलं. हळदीकुंकू लायब्ररीत आहे, वाण परत द्यायचं नाही, फक्त घेऊन यायचं आणि आपल्या हातानं भिंतीवर लावायचं. संध्याकाळी ज्याचं त्यानं घरी न्यायचं. काकांच्या घरच्या चार चित्रांसकट चाळीस खिळे ठोकले.

"मधला खिळा पहिल्या दिवसाच्या चित्राला ठेव," काका म्हणाले. ते कुणाकडे गेलं होतं, कुणालाच माहीत नव्हतं.

दारावर मी माझी वही लावली. पानं फाडून, मोठ्या अक्षरात, नावं न घालता.

डोंगर नसतील तर निसर्ग कसला?
ज्यांनी आपल्याला धुतलं त्यांची चित्रं बघायची?
गवत हिरवं असतं.
जरा रिकामं वाटत होतं.
एवढं कोण बघतं?
कड नाही गं, चहा सांडेल.

दहा वाजता कुणी नव्हतं. साडेदहाला नलूमावशी आल्या, शालीत झाकण गुंडाळून. दारावरचं सगळं चष्मा लावून वाचलं.

"माझं कुठंय?" त्या म्हणाल्या.

"तुमचं काय मावशी?"

"मी पुण्याला फोन केला होता की!" त्या भलत्याच दुखावल्या होत्या. मी मार्कर दिला. त्यांनी स्वतःच्या हातानं खाली लिहिलं, "वैशाली सिगार ओढते."

मग बायका येत गेल्या. नवऱ्यांना आणलं, मुलांना आणलं. दारावर कुणाचं वाक्य कुठलं ह्यावर पैजा लागल्या, आणि दार अडल्यावर माणसं आपोआप आत सरकली. कुंडीखालचं आलं, लसणाचं आलं, मंगळावरचं आलं. अर्विंगचं कुरियरनं आलं. प्रत्येकीनं आपलं लावलं आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. पराग दारावरची आपली दोन्ही वाक्यं वाचून मान खाली घालून आत आला. एकटाच. भिंत भरत गेली. इलिनॉयचं सगळं ऊन त्या खोलीत आलं. बाहेर फूटभर बर्फ होतं आणि खोलीतल्या माणसांनी डोळे बारीक केले होते. काका भिंतीपासून हातभर अंतरावर, मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं एकेक झाकण बघत सरकत होते.

एकोणचाळीस झाली. मधला खिळा रिकामा.

बंद व्हायला अर्धा तास राहिला तेव्हा मंजिरी आली. हातात ग्रोसरीची पिशवी. कुणाकडे न बघता ती सरळ काकांपुढे जाऊन उभी राहिली आणि पिशवी पुढे केली.

"काका, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी ओट्यावर ठेवलं होतं. घाईत त्यावर फोडणीचं कढलं टेकवलं."

मी पिशवीतून झाकण काढलं. पहिल्या दिवसाचं. गवत होतं, झुडपं होती, डावीकडे पडलेल्या निळ्या सावल्या होत्या. आणि उजवीकडे आभाळात रंग भाजून फुगलेला, पिवळट तपकिरी, गरगरीत वाटोळा डाग!

माझ्या डोक्यात पाच वर्षांची वही एकदम उघडली. मी तोंड उघडलं. रश्मीनं माझा दंड घट्ट धरला.

काकांनी झाकण माझ्या हातातून घेतलं. खिडकीशी नेलं. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, नाकाला लागेपर्यंत जवळ आणलं. डागावरून अंगठा फिरवला.

"मंजिरी," काका म्हणाले, "इकडे ये. सावल्या बघ."

ती बघायला लागली. परागही येऊन बघायला लागला. मीही पाहिलं.

"बरोबर पडल्यायत," काका म्हणाले, आणि हातानं चाचपत मधला खिळा शोधू लागले.